दर महिन्याचा खाडा : एन्डोमेट्रिओसिसची ओळख व योग्य उपचाराची वाट

शाळेचा हजेरीपट ही मोठी बोलकी वस्तू असते. एखाद्या माध्यमिक शाळेतील नववीच्या वर्गाचा वर्षभराचा पट समोर ठेवून पाहिला, तर एखाद्या मुलीच्या नावापुढे दर महिन्याला दोन-तीन दिवसांचे खाडे लागोपाठ पडलेले आढळतात. हे खाडे सुगीचे नसतात, जत्रेचे नसतात आणि लग्नसराईचेही नसतात. साधारणपणे अठ्ठावीस-तीस दिवसांच्या अंतराने ते पुन्हा पुन्हा येतात. वर्गशिक्षकांनी कारण विचारले तर "पोट दुखत होते" एवढेच उत्तर मिळते आणि विषय तेथेच थांबतो. घरी आई सांगते, "आम्हांलाही दुखायचे. लग्न झाले की थांबते." लग्नानंतर सासूबाई सांगतात, "एक बाळंतपण झाले की थांबेल." अशा रीतीने शाळेत सुरू झालेले दुखणे संसारात येते आणि पुढे शेतीच्या, नोकरीच्या व मजुरीच्या दिवसांतही तसेच चालू राहते.

असे प्रत्येक दुखणे आजारामुळेच होते असे नव्हे. तथापि, त्यांतील काही दुखण्यांमागे एक निश्चित आजार असतो. त्याला वैद्यकशास्त्रात 'एन्डोमेट्रिओसिस' असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील प्रजननक्षम वयाच्या स्त्रिया व मुली यांपैकी सुमारे दहा टक्के, म्हणजे जवळजवळ १९ कोटी जणींना हा आजार आहे. दोन हजार वस्तीच्या गावात १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे पाचशे स्त्रिया असतात. या हिशेबाने अशा एका गावात पन्नासच्या आसपास स्त्रियांना हा त्रास असू शकतो. हा अंदाज निम्म्यावर आणला तरी उरणारा आकडा थोडा नाही. मात्र त्या गावात या आजाराचे नावही कोणाला ठाऊक नसते. आजाराची अर्धी यातना शरीरातील बिघाडामुळे होते, तर उरलेली अर्धी या अज्ञानामुळे व त्यातून होणाऱ्या विलंबामुळे होते. हा विलंब कमी करणे गावाच्या, शाळेच्या व कचेरीच्या हाती आहे.

आजाराचे स्वरूप

गर्भाशयाच्या आतील बाजूस एक मऊ अस्तर असते. शरीरातील संप्रेरकांच्या प्रभावाने ते दर महिन्याला जाड होते. गर्भधारणा झाली नाही, तर ते गळून रक्तासह बाहेर पडते. यालाच मासिक पाळी म्हणतात. एन्डोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारखेच पेशींचे थर गर्भाशयाच्या बाहेर वाढू लागतात. बीजकोश, गर्भनलिका, गर्भाशयाच्या मागील पोकळी, आतडी आणि मूत्राशय यांवर ते आढळतात. क्वचित सिझेरियन शस्त्रक्रियेच्या जुन्या व्रणातही ते वाढतात आणि मग पाळीच्या दिवसांत तो व्रण सुजून दुखू लागतो.

या थरांवरही महिन्याच्या चक्राचा परिणाम होतो. ते सुजतात व त्यांतून रक्त पाझरते. पाळीच्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट असते, तशी वाट या रक्ताला नसते. त्यामुळे भोवतालच्या भागाचा दाह होतो, तेथे व्रण पडतात आणि कालांतराने पोटातील अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात असे रक्त साठून गाठ झाली, तर त्यातील घट्ट तपकिरी द्रवामुळे तिला 'चॉकलेट सिस्ट' हे नाव दिले जाते. गर्भाशयाच्या भिंतीतच अशा पेशी शिरल्या तर त्या विकाराला 'अडेनोमायोसिस' म्हणतात. हे दोन्ही विकार एकाच स्त्रीमध्ये असू शकतात.

हा आजार कर्करोग नव्हे. या स्त्रियांमध्ये बीजकोशाच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा किंचित अधिक असले, तरी तो धोका एकंदरीत अल्पच असतो. हा आजार एकीपासून दुसरीला लागत नाही. अस्वच्छतेमुळे, विटाळ न पाळल्यामुळे किंवा कोणाच्या दोषामुळे तो होत नाही. पाळी कायमची थांबल्यावर बहुतेक स्त्रियांचा त्रास कमी होतो, परंतु त्यासाठी तीस-पस्तीस वर्षे वाट पाहण्यास सांगणे हा उपचार नव्हे.

या आजाराचे नेमके कारण अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली असे मत मांडले की, पाळीच्या रक्ताचा काही भाग गर्भनलिकांतून उलट दिशेने पोटात जातो आणि त्यातील पेशी तेथे रुजतात. हे मत आजही महत्त्वाचे मानले जाते. परंतु असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांमध्ये होतो आणि आजार मात्र काहींनाच होतो. म्हणून आनुवंशिकता, शरीराची प्रतिकारयंत्रणा व संप्रेरके यांचाही त्यात वाटा असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. आई किंवा सख्खी बहीण यांना हा आजार असल्यास तो होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे "माझ्या आईलाही असेच दुखायचे" हे वाक्य दुखणे सोसण्याचे कारण ठरत नाही, उलट ते तपासणीचे कारण ठरते. मुंबईत परळ येथे असलेली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था भारतातील निरनिराळ्या भागांतील स्त्रियांमध्ये या आजाराचे स्वरूप व त्याची आनुवंशिक बाजू यांचा अभ्यास करीत आहे.

एके काळी हा सुखवस्तू, गोऱ्या, शिकलेल्या व उशिरा मुले होणाऱ्या स्त्रियांचा आजार समजला जाई. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी १९७६ साली कृष्णवर्णीय स्त्रियांच्या दुर्बिणीद्वारे केलेल्या तपासण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत हा आजार चांगल्या प्रमाणात आढळला. त्यांतील कित्येक स्त्रियांवर यापूर्वी ओटीपोटातील जंतुसंसर्ग म्हणून उपचार झाले होते. आजार तेव्हाही होताच. तो या स्त्रियांना होत नाही असे आधीच ठरवून टाकल्यामुळे तो दिसला नव्हता. कष्टकरी स्त्रीच्या पोटदुखीकडे पाहताना आपल्याकडेही हा धडा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

साधे दुखणे कोणते, आजाराचे कोणते ?

पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात कळा येणे हे सर्वसाधारण आहे. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास, थोडी विश्रांती घेतल्यास किंवा वेदनाशामक गोळी घेतल्यास अशा कळा ओसरतात आणि मुलगी आपल्या कामाला लागते. पुढील लक्षणे आढळल्यास मात्र वैद्यकीय सल्ला घ्यावा :

(१) दुखण्यामुळे शाळा, घरकाम, शेतीकाम किंवा नोकरी वारंवार बुडणे.

(२) नेहमीच्या वेदनाशामक गोळीने आराम न पडणे, किंवा दर महिन्याला गोळ्यांची संख्या वाढत जाणे.

(३) पाळीच्या आधी अनेक दिवस दुखू लागणे व पाळी संपल्यावरही दुखणे राहणे. कंबर व मांड्या यांकडे कळा जाणे.

(४) विशेषतः पाळीच्या दिवसांत शौचाच्या वा लघवीच्या वेळी वेदना होणे, पोट फुगणे, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होणे.

(५) शरीरसंबंधाच्या वेळी किंवा त्यानंतर पोटात खोलवर दुखणे.

(६) रक्तस्राव फार होणे व सतत थकवा वाटणे.

(७) लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न होणे.

ही सर्व लक्षणे एकाच स्त्रीत असतीलच असे नाही. काहींना दुखणे मुळीच नसते आणि मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच आजार उघड होतो. या आजारात दुखण्याची तीव्रता व आजाराचा विस्तार यांचे प्रमाण जुळत नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वैद्यकशास्त्रात आजाराच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. पहिल्या पायरीवरील मुलीला असह्य वेदना होऊ शकतात, तर चौथ्या पायरीवरील स्त्रीला किरकोळ त्रास असू शकतो. म्हणून "तपासणीत फारसे काही निघाले नाही, म्हणजे ही सोंग करते" असा निष्कर्ष काढणे हा त्या मुलीवर अन्याय आहे.

निदानाला उशीर का होतो ?

पहिले लक्षण दिसल्यापासून आजाराचे नाव कळेपर्यंत चार ते बारा वर्षे जातात, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दिसते. प्रगत आरोग्यसेवा असलेल्या देशांतही ही स्थिती आहे.

या विलंबाचे पहिले कारण म्हणजे मौन. पाळीविषयी घरात पुरुषांसमोर बोलायचे नाही आणि डॉक्टरांसमोरही "पोट दुखते" यापलीकडे काही सांगायचे नाही, असा संकोच असतो. शौचाच्या वेळच्या किंवा शरीरसंबंधाच्या वेळच्या वेदनेचा तर उल्लेखही होत नाही. वास्तविक निदानाची किल्ली बहुधा याच माहितीत असते.

दुसरे कारण म्हणजे लक्षणांतील साम्य. लघवीचा जंतुसंसर्ग, आतड्यांचे विकार, अपेंडिक्सची सूज, ओटीपोटातील जंतुसंसर्ग व जननमार्गाचा क्षयरोग यांतही अशीच पोटदुखी असते. प्रत्येक वेळी नवा दवाखाना, नवी चिठ्ठी आणि नवी औषधे असे चालू राहते. आधीचे कागद जपलेले नसल्यामुळे दुखणे दर महिन्याला ठराविक दिवशीच येते, ही गोष्ट कोणाच्याही ध्यानात येत नाही.

तिसरे कारण म्हणजे सोनोग्राफीविषयीचा गैरसमज. सोनोग्राफीत बीजकोशातील गाठ चांगली दिसते. पोटातील आवरणावरचे लहान ठिपके मात्र त्यात बहुधा दिसत नाहीत. सोनोग्राफीचा अहवाल निर्दोष आला, म्हणजे आजार नाही असे ठरत नाही. रक्ताच्या साध्या तपासणीनेही हा आजार निश्चित ओळखता येत नाही. काही ठिकाणी 'सी.ए. १२५' ही तपासणी सांगितली जाते, परंतु केवळ तिच्यावरून निदान करू नये असे तज्ज्ञांचे मत आहे.

पूर्वी दुर्बिणीने पोट तपासल्याशिवाय या आजाराचे निदान ग्राह्य मानीत नसत. बिनटाक्याच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेमुळे ही दुर्बीण आपल्या खेड्यापाड्यांत परिचित आहे. या पद्धतीत भूल द्यावी लागते व खर्चही येतो. युरोपातील प्रजननशास्त्राच्या तज्ज्ञ संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत हा दंडक शिथिल करण्यात आला. लक्षणांची नीट विचारपूस, तपासणी व सोनोग्राफी यांवरून दाट शंका असेल, तर दुर्बिणीची वाट न पाहता औषधोपचार सुरू करता येतो, असे त्या सूचना सांगतात. ग्रामीण भागाच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. गावाजवळच्या दवाखान्यातही उपचाराला आरंभ होऊ शकतो, असा त्याचा अर्थ आहे.

कोणाकडे जावे, काय सांगावे ?

पहिली पायरी म्हणजे आशा कार्यकर्ती, आरोग्यसेविका किंवा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी. किशोरवयीन मुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१४ पासून सल्ला केंद्रांची व्यवस्था करण्यात आली आहे. दुसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्राची. तेथील वैद्यकीय अधिकारी रक्तक्षय व लघवीतील जंतुसंसर्ग यांची तपासणी करून प्राथमिक उपचार देऊ शकतात. तेवढ्याने दोन-तीन महिन्यांत आराम पडला नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञ उपलब्ध असलेल्या ग्रामीण, उपजिल्हा, स्त्री किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्यावी. आतडी वा मूत्राशय यांपर्यंत आजार पोहोचल्याची शंका असेल किंवा शस्त्रक्रियेचा प्रश्न असेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाणे हिताचे ठरते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो किंवा कसे, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे आधीच करावी.

डॉक्टरांकडे जाताना एक साधी वही सोबत असावी. किमान तीन महिने तिच्यात पुढील नोंदी कराव्यात : पाळी सुरू झाल्याची व संपल्याची तारीख, दुखणे कोणत्या दिवशी व कोठे होते, दहापैकी किती तीव्र होते, किती व कोणत्या गोळ्या घेतल्या, त्यांनी किती वेळ आराम पडला, शौच व लघवी करताना दुखले काय, किती दिवस शाळा वा काम बुडाले. ज्या स्त्रीला लिहिता येत नाही तिने दिनदर्शिकेवर खुणा केल्या तरी चालते. पाच मिनिटांच्या भेटीत तोंडी सांगून जे डॉक्टरांना उमगत नाही, ते अशा वहीवरून एका दृष्टिक्षेपात कळते. जुने अहवाल, सोनोग्राफीचे कागद व औषधांच्या चिठ्ठ्या एका फायलीत तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात.

तपासणीविषयी अनेक घरांत भीती असते. अविवाहित मुलीची अंतर्गत तपासणी करणे अनिवार्य नाही. पोटावरून सोनोग्राफी करता येते. कोणतीही तपासणी संमतीनेच व्हावयास हवी. तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा नात्यातील स्त्री हजर असावी, अशी मागणी करण्यास संकोच बाळगू नये.

योग्य डॉक्टर कोणते, हे पाटीवरील पदव्यांवरूनच ओळखावे असे नाही. जे डॉक्टर दुखण्याची हकीकत पूर्ण ऐकून घेतात, पाळीचे दिवस विचारतात, मूल हवे आहे काय याची चौकशी करतात, एकापेक्षा अधिक उपाय समजावून सांगतात व त्यांचे गुणदोष सांगतात, ते योग्य होत. जेथे पहिल्याच भेटीत "हे मनाचे खेळ आहेत" किंवा "पिशवी काढून टाका" असे सांगण्यात येते, तेथे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

उपचार : काय होते, काय होत नाही

हा आजार मुळापासून कायमचा घालविणारे औषध अद्याप सापडलेले नाही. तथापि, वेदना आटोक्यात आणणे, आजाराची वाढ रोखणे व मूल हवे असल्यास त्यासाठी मदत करणे या तिन्ही गोष्टी शक्य आहेत.

वेदनाशामक औषधांत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक आम्ल इत्यादी औषधे वापरतात. दुखणे शिगेला पोहोचल्यावर घेण्यापेक्षा ते सुरू होताच, जेवणानंतर व डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच ती घ्यावीत. पोटात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती परस्पर घेऊ नयेत.

दुसरा मार्ग संप्रेरकांच्या औषधांचा. पाळीचे चक्र मंद केल्याने किंवा काही काळ थांबविल्याने ते बाहेरचे थर शांत होतात. त्यासाठी संततिप्रतिबंधक गोळ्या, डायनोजेस्टसारखी प्रोजेस्टेरॉनच्या गटातील औषधे किंवा गर्भाशयात बसवावयाचे संप्रेरकयुक्त साधन यांचा उपयोग करतात. येथे घरात हमखास वाद उपस्थित होतो. "कुमारिकेला पाळणा लांबविण्याच्या गोळ्या कशाला ?" असा प्रश्न पालक विचारतात. एकच औषध दोन कामांसाठी वापरले जाते, हे त्यांना समजावून सांगावे लागते. या गोळ्यांमुळे कायमचे वंध्यत्व येत नाही. मात्र उच्च रक्तदाब, विशिष्ट प्रकारची अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असल्यास त्या धोक्याच्या ठरू शकतात. म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. अधिक प्रभावी अशी इंजेक्शनेही आहेत, परंतु हाडांवर होणाऱ्या परिणामामुळे ती तज्ज्ञांनीच ठरवून द्यावयाची असतात.

औषधांनी आराम पडत नसेल, गाठ मोठी असेल किंवा अवयव चिकटले असतील, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून ते थर व गाठी काढतात. ही शस्त्रक्रिया नाजूक असते. बीजकोशावर वारंवार शस्त्रक्रिया केल्यास स्त्रीबीजांचा साठा घटतो. शस्त्रक्रियेनंतर आजार पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून ती केव्हा व कोणाकडून करून घ्यावी, याचा विचार घाईने करू नये.

वंध्यत्वाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. हा आजार असलेल्या स्त्रियांपैकी ३० ते ५० टक्के स्त्रियांना गर्भधारणेत अडचण येते, असे मानले जाते. याचाच दुसरा अर्थ असा की, निम्म्या किंवा त्याहून अधिक स्त्रियांना अशी अडचण येत नाही. म्हणून आजाराचे नाव कळताच मुलीचे लग्न मोडणे किंवा सुनेला दोष देणे हे शास्त्राला धरून नाही. तसेच "लग्न करा, मूल होऊ द्या, बरे वाटेल" हा सल्लाही चुकीचा आहे. केवळ आजार बरा व्हावा म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असे २०२२ च्या त्याच सूचनांत स्पष्ट म्हटले आहे.

गर्भाशय काढण्याची घाई

या विषयात महाराष्ट्राला स्वतःचा एक कटू अनुभव आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढण्यात येत असल्याचा प्रश्न २०१९ साली पुढे आला. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. ऊसतोडीच्या कामात नवरा-बायकोचा एक 'कोयता' धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा झाला तर दंड पडतो. पोटदुखी, अंगावरून जाणे, जंतुसंसर्ग अशा तक्रारी घेऊन आलेल्या या स्त्रियांपैकी किती जणींना कोणता आजार होता, हे आता सांगता येणार नाही. खरे दुःख तेच आहे. आजाराचे नाव शोधण्याआधीच अवयव काढून टाकला गेला.

केंद्र शासनाने २०२२ साली अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, सर्व राज्यांनी त्या तीन महिन्यांत स्वीकाराव्यात असा आदेश दिला.

एन्डोमेट्रिओसिसच्या बाबतीत तर गर्भाशय काढण्याचा विचार फारच सावधपणे करावा लागतो. आजाराचे थर गर्भाशयाच्या बाहेर असल्यामुळे ते तसेच राहिल्यास गर्भाशय काढूनही दुखणे चालू राहू शकते. बीजकोशही काढले, तर तरुण वयातच पाळी कायमची जाते आणि हाडे व हृदय यांवर त्याचे परिणाम होतात. इतर उपाय थकले असतील, मूल नको असेल व सर्व बाजू स्त्रीला समजल्या असतील, तरच हा मार्ग योग्य ठरतो. निर्णय तिचा असावा. मुकादमाचा, नवऱ्याचा किंवा सासूचा नव्हे.

शाळा, पंचायत व कचेरी यांचे काम

उपचाराइतकीच भोवतालच्या माणसांची समजूत महत्त्वाची असते. नियमित हलका व्यायाम, पुरेशी झोप, शेक व लोहयुक्त आहार यांनी शरीराला आधार मिळतो. परंतु ज्या घरात दुखणाऱ्या सुनेला आळशी ठरविले जाते, तेथे या सूचनांचा उपयोग होत नाही. पतीने एकदा तरी डॉक्टरांच्या भेटीला सोबत जावे. दहा वेळा समजावूनही जे पटत नाही, ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर पटते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

शिक्षकांनी दर महिन्याला हजेरीपट पाहावा. एकाच मुलीचे खाडे दर महिन्याला ठराविक अंतराने पडत असतील, तर शिक्षिकेने एकांतात, आपुलकीने विचारपूस करावी व पालकांना आरोग्य केंद्रात जाण्यास सुचवावे. खाड्यांची शिक्षा करू नये आणि वर्गासमोर कारण विचारू नये. शाळेत स्वच्छतागृह व पाणी असणे आणि थोडा वेळ पडण्यास एक खोली असणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. पाळीविषयीचा पाठ घेताना "दुखणे स्वाभाविक आहे" एवढे सांगून थांबू नये. "काम बुडविणारे दुखणे स्वाभाविक नाही" हेही सांगावे.

पंचायत सदस्यांनी हा विषय ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत घ्यावा. ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत आरोग्यसेविकेला बोलावून अर्धा तास या विषयावर बोलण्याची विनंती करता येते. तालुक्याच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे पंचायतीच्या फलकावर लिहून ठेवण्यास काही खर्च येत नाही. ऊसतोडीसाठी बाहेरगावी जाणाऱ्या स्त्रियांनी आपले कागद सोबत न्यावेत, अशी आठवण निघण्यापूर्वीच करून द्यावी.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हा कर्मचारी कल्याणाचाही प्रश्न आहे. बिहार राज्याने १९९२ सालापासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा दिली. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली या आजारासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि फ्रान्सने २०२२ साली राष्ट्रीय धोरण जाहीर केले. रजेचे नियम बदलण्यास वेळ लागतो. पण दुखण्याने वाकलेल्या कर्मचारी स्त्रीला बसून करण्याचे काम देणे, रजेच्या अर्जावर टोमणा न मारणे व डॉक्टरांच्या तारखेला तिला सोडणे, यांसाठी कोणत्याही आदेशाची गरज नाही.

एन्डोमेट्रिओसिस पूर्णपणे टाळण्याचा उपाय आज हाती नाही. मात्र त्याचे नाव कळण्यास लागणारी वर्षे कमी करता येतात. त्यासाठी यंत्रापेक्षा कानांची गरज अधिक आहे. नववीच्या वर्गातील त्या मुलीने "पोट दुखत होते" असे सांगितल्यावर शिक्षिकेने "किती महिन्यांपासून ?" एवढा एकच पुढचा प्रश्न विचारला, तर कदाचित तिची कित्येक वर्षे वाचतील. हजेरीपटावरचे ते खाडे ही तिची तक्रारच असते. ती वाचण्याची सवय गावाने लावून घेतली पाहिजे.